‘हो, पण...’

मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं, की दाराची बेल वाजते किंवा हल्ली मोबाइल वाजतो, आणि ‘वेळ आहे का हो थोडा?’ असं म्हणत कुणी तरी आपल्यापाशी मन मोकळं करायला बसतं. अशी एक तरी व्यक्ती प्रत्येकीच्या वाट्याला आलेली असते. कुणाची जाऊ, कुणाची मावसबहीण, कुणाची शेजारीण, तर कुणाची कॉलेजातली जुनी मैत्रीण. गाऱ्हाणं ऐकायला आपली काही हरकत नसते. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. आपण कळवळून काही सुचवावं, तर उत्तर येतं, ‘हो, पण...’ दुसरं काही सुचवावं, तर ‘ते खरं, पण...’ तासाभराने ती उठून जाते. तिचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो आणि आपलं डोकं मात्र दुखायला लागतं.

एका वाचक भगिनीनं मागे असंच विचारलं होतं. त्या आपल्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसतात. ‘बायका येतात, रडतात, दोन-दोन तास बोलतात. सांगितलेलं मात्र एकही करीत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन पुन्हा हजर! ह्यांना मदत करायची तरी कशी?’ असा त्यांचा प्रश्न होता. आपण सगळ्याच काही सल्ला केंद्रात बसत नाही. पण घरात, चाळीत, सोसायटीत, शाळेच्या शिक्षकखोलीत हे काम आपल्या गळ्यात पडतंच. म्हणून आज ह्याच विषयावर थोडं सविस्तर बोलू या.

दोघी-तिघींच्या अनुभवातून एक उदाहरण घेऊ. समजा, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या आहेत. नोकरी करतात. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. तक्रार अशी, की घरचं सगळं त्यांनाच करावं लागतं, इकडची काडी तिकडे करायला कुणी उठत नाही. संवाद साधारण असा होतो:

‘वहिनी, वरकामाला बाई का नाही लावत?’

‘लावली असती हो, पण सासूबाईंना बाहेरच्या बाईनं घासलेली भांडी चालत नाहीत.’

‘मग मुलाला थोडं सांगा की. सतरा वर्षांचा घोडा झाला आता.’

‘हो, पण त्याचं बारावीचं वर्ष. आता कुठे त्याला कामाला लावू?’

‘बरं, यजमानांना सांगून पाहिलंत का?’

‘सांगितलं की. पण ते करतात ते अर्धवट. मलाच पुन्हा करावं लागतं.’

‘मग रोज दोन भाज्या कशाला? एकच करा.’

‘पण मग ताटात काय वाढू?’

इथे आपण थकतो आणि गप्प बसतो. वहिनी सुस्कारा टाकून म्हणतात, ‘जाऊ द्या, माझं नशीबच असं!’

हे चारदा झालं, की आपल्या मनात काय येतं? ‘हिला काही करायचंच नाही. हिला नुसतं रडगाणं गायचं आहे. पालथ्या घड्यावर पाणी!’ मग आपण तिचा फोन टाळू लागतो, किंवा एक दिवस चिडून बोलून जातो. दोन्हीचा परिणाम एकच. आधीच एकटी पडलेली बाई आणखी एकटी पडते. कधी काळी तिच्यावर खरंच बाका प्रसंग आला, तर तिनं जायचं कुणाकडे? सगळी दारं तिनं ‘पण’ म्हणून म्हणून लावून घेतलेली असतात, आणि आपणही आपलं दार आतून लावलेलं असतं. म्हणून हा विषय केवळ आपल्या दुपारच्या झोपेपुरता नाही.

ही बाई काही आपल्याच देशातली नाही, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न ह्यांनी १९६४ साली ‘गेम्स पीपल प्ले’ नावाचं एक पुस्तक लिहिलं. माणसं एकमेकांशी नकळत कसे ‘खेळ’ खेळतात, ते त्यांनी त्यात सांगितलं आहे. त्यांनी अभ्यासलेला पहिलाच खेळ म्हणजे ‘तुम्ही असं का नाही करत?’ आणि ‘हो, पण’ ह्यांचा. त्यांच्या उदाहरणातली बाई तक्रार करते, की नवरा घराची दुरुस्ती स्वतःच करायचा हट्ट धरतो आणि धड काहीच करत नाही. मैत्रिणी एकेक उपाय सुचवतात आणि बाई एकेक उपाय खोडून काढते. शेवटी सगळ्या गप्प होतात. बर्न ह्यांचं म्हणणं असं, की ह्या खेळात सल्ला हवा असतो तो स्वीकारण्यासाठी नव्हे, तर नाकारण्यासाठी. शेवटची ती शांतता हेच बक्षीस. ‘पाहा, तुम्हालाही काही सुचलं नाही ना? म्हणजे माझा प्रश्न खरोखरच सुटण्यासारखा नाही, आणि दोष माझा नाही,’ हे त्या शांततेनं सिद्ध होतं.

बर्न ह्यांनी ह्यावर उपायही साधा सांगितला आहे. सल्ला देऊच नका. प्रश्न अवघड आहे हे मान्य करा आणि मग तिलाच विचारा, की तुम्ही ह्याचं काय करायचं ठरवलं आहे? खेळायला दुसरा भिडू नसला, की खेळ थांबतो.

हे वाचून पटतं, पण थोडं टोचतंही, नाही का? समोरची बाई खरंच दुखावलेली असते. तिला ‘तू खेळ खेळतेस’ असं म्हणणं कठोर वाटतं. बर्न ह्यांच्यानंतरच्या तज्ज्ञांनाही ते तसंच वाटलं असावं. १९८४ साली अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातले कुटुंब-समुपदेशक स्टीव्ह डी शेझर ह्यांनी एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकच मुळी ‘विरोधाचा मृत्यू’ अशा अर्थाचं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सल्ला घ्यायला आलेलं माणूस विरोध करतं असं धरून चालू नका. ते आपल्या पद्धतीनं सहकार्यच करत असतं. ती पद्धत ओळखायचं काम आपलं आहे. त्यांच्या पंथातले समुपदेशक आणखी एक उपयोगी फरक करतात. येणाऱ्यांपैकी काही जण नुसते पाहुणे असतात, कुणी तरी पाठवलं म्हणून आलेले. काही तक्रारदार असतात. त्यांना दुःख नीट सांगता येतं, पण उपाय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे असं त्यांना वाटतं. आणि काही खरोखर स्वतः काही करायला तयार असतात. आपली गफलत कुठे होते? तक्रारदाराला आपण तयार माणसाचं औषध देतो. ते पचत नाही, यात नवल काय?

मग ‘पण’च्या मागे असतं तरी काय? माझ्या मते चार गोष्टी असतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या तर अर्धं काम होतं.

पहिली गोष्ट, तिला सल्ला नकोच असतो. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतलेल्या बाईला कुणी तरी आपलं ऐकावं एवढंच हवं असतं. आपण मध्येच उपाय सांगितला, की तिला वाटतं, ‘हिला माझं ऐकायचा कंटाळा आला, लवकर मिटवायला बघते आहे.’ मग आपलं दुःख किती मोठं आहे, हे पटवण्यासाठी तिला आपला उपाय खोडावाच लागतो.

दुसरी, आपला उपाय तिच्या घरात बसत नसतो. तिच्या सासूबाईंना आपण ओळखत नाही. तिच्या नवऱ्याचा पगार किती, कर्ज किती, हे आपल्याला ठाऊक नसतं. दुरून डोंगर साजरे, तसं दुसऱ्याचं घर चालवणंही सोपं दिसतं.

तिसरी, बदलाची किंमत. त्रास कितीही असला तरी तो ओळखीचा असतो. बदलाचं मात्र काही सांगता येत नाही. शिवाय त्या त्रासातून नकळत काही तरी मिळतही असतं. घरचं सगळं एकटीनं ओढणाऱ्या बाईला ‘तुझ्यावाचून घर चालत नाही’ हा मान मिळतो. तो मान सोडून मोकळा वेळ घ्यायचा, हा सौदा प्रत्येकीला परवडतोच असं नाही.

चौथी गोष्ट, ती दोन मनांत असते. कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो ना, तेच. एक मन म्हणतं बदलावं, दुसरं म्हणतं आहे ते बरं. ह्या चौथ्या गोष्टीवर गेल्या चाळीस वर्षांत फार चांगलं काम झालं आहे.

विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दारू पिणाऱ्यांबरोबर काम करीत. पूर्वीची पद्धत अशी, की दारुड्याला चांगलं फैलावर घ्यायचं, त्याच्या चुका त्याच्या पदरात घालायच्या. मिलर ह्यांनी १९८३ साली वेगळी वाट सुचवली. पुढे स्टीफन रोलनिक ह्यांच्याबरोबर १९९१ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की माणूस दोन मनांत असताना आपण एका बाजूनं जोर लावला, तर तो आपोआप दुसरी बाजू लढवू लागतो. आपण ‘सोड’ म्हणालो की तो ‘का सोडू नये’ ते सांगतो. आणि माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेलं स्वतःलाच अधिक पटतं! म्हणजे आपण जितकं समजावतो, तितकं त्याचं न बदलणं पक्कं होत जातं. १९९३ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की समुपदेशकानं जितकं जास्त फैलावर घेतलं, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. घरोघरी नवऱ्याच्या सिगारेटवरून, मुलाच्या मोबाइलवरून आपण जी रोजची भुणभुण लावतो, तिचा उपयोग का होत नाही, ते ह्यावरून समजेल.

आता प्रत्यक्ष करायचं काय? स्वयंपाकाची कृती लिहावी तशी क्रमानं सांगते.

१. आधी विचारा. ‘वहिनी, मी नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ हा एक प्रश्न बरंच काम वाचवतो. नव्वद टक्के वेळा उत्तर येईल, ‘सुचवू नका हो, नुसतं ऐका.’ मग खरोखर नुसतं ऐका. हातात निवडायला मेथीची जुडी घेतलीत तरी चालेल, पण मोबाइल नको.

२. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा. ‘म्हणजे दिवसभर नोकरी करून घरी आल्यावरही तुम्हाला बसायला मिळत नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. असंच ना?’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली. वरवर पाहता ह्यात काहीच केलेलं दिसत नाही. पण आपलं म्हणणं पोचलं असं वाटलं, की माणसाला तेच तेच सांगावं लागत नाही.

३. तिनं आधी काय काय करून पाहिलं, ते विचारा. वहिनी काही कालच्या शहाण्या झालेल्या नाहीत. आपण सुचवणार ते पाच उपाय त्यांनी बहुतेक आधीच करून पाहिलेले असतात. त्यांतलं काय थोडं तरी जमलं, काय फसलं, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

४. त्रास कमी होता तो दिवस शोधा. ‘असं कधी झालं का, की घरच्यांनी आपणहून काही केलं?’ सतत त्रास म्हणता म्हणता असा एखादा दिवस निघतोच. तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा नवऱ्यानं खिचडी लावली होती, असं काही तरी. मग हळूच विचारा, ‘त्या दिवशी वेगळं काय होतं?’

५. आकड्यात विचारा. ‘शून्य ते दहामध्ये, हे बदलावं असं तुम्हाला किती वाटतं?’ समजा त्या म्हणाल्या, चार. आता इथे एक युक्ती आहे. ‘चारच का? दहा का नाही?’ असं विचारू नका. तसं विचारलंत, की न बदलण्याची कारणं ऐकायला मिळतील. ‘शून्य का नाही? चार तरी का?’ असं विचारा. मग बदल का हवा, ते त्या स्वतःच सांगू लागतील.

६. अगदी लहान पाऊल, आणि तेही तिनंच निवडलेलं. घर बदलायचं नाही, नवरा बदलायचा नाही. येत्या आठवड्यात एक गोष्ट. आणि ‘करून बघा, नाही जमलं तर सोडून द्या,’ असं म्हणून. प्रयोग म्हटलं की फसायची भीती कमी होते.

७. तिचं काम आपण करू नका. तिच्या वतीनं तिच्या नवऱ्याशी बोलायला जाऊ नका. फसलं तर दोष आपला, आणि जमलं तरी तिला काही आलं नाही.

८. वेळेचं बंधन पाळा. ‘साडेचारला मुलं येतील, तोवर निवांत बोलू या,’ हे सुरुवातीलाच सांगणं मुळीच उद्धट नाही. मधूनच उठण्यापेक्षा ते चांगलं. समुपदेशकसुद्धा घड्याळ लावूनच बसतात.

आता वहिनींशी तोच संवाद पुन्हा करून पाहू.

‘सासूबाईंना बाहेरच्या बाईची भांडी चालत नाहीत, मुलाचं बारावीचं वर्ष, आणि यजमानांनी केलेलं तुम्हाला पुन्हा करावं लागतं. चारही बाजूंनी अडकल्यासारखं झालं असेल तुम्हाला.’

‘हो ना! आणि कुणाला त्याचं काही नाही.’

‘अवघडच आहे. तुम्ही काय करायचं म्हणता?’

वहिनी जरा गोंधळतात. ‘मी? मी काय करणार?’

आपण घाई करायची नाही. ही शांतता त्यांची आहे. ती आपल्या सूचनेनं भरायची नाही. थोड्या वेळानं त्या म्हणतात, ‘खरं सांगू? यांनी केलेलं अगदी वाईट असतं असंही नाही. पण मला चैन पडत नाही. आणि मी हे सगळं केलं नाही, तर ह्या घरात मला विचारणार कोण?’

पाहिलंत? ताटातल्या दोन भाज्यांचा प्रश्न हा नव्हताच. ‘विचारणार कोण’ हा होता. आपण वीस उपाय सांगितले असते, तरी हे वाक्य बाहेर आलं नसतं. आता ‘छे हो, असं कसं म्हणता!’ म्हणून ते उडवून लावू नका. ‘असं वाटतं तुम्हाला?’ एवढंच म्हणा. त्यांना त्या वाक्याजवळ जरा बसू द्या.

मग कदाचित त्या म्हणतील, ‘रविवारचा चहा मुलानं करायला हरकत नाही. पाच मिनिटांचं तर काम.’ बास! एवढंच पुरे. पुढच्या रविवारी चहा झाला, ओट्यावर साखर सांडली, आणि वहिनींनी ती पुसायची नाही असं ठरवलं, तर तो मोठाच विजय म्हणायचा. आणि पुसलीच, तरी काही बिघडत नाही. पुन्हा पुढचा रविवार आहे.

इथे आणखी एक गोष्ट सांगते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी ह्या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या आपण सिगारेट सोडणाऱ्या माणसांचा अभ्यास १९८३ साली मांडला. त्यांना दिसलं, की बदल एका झटक्यात होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होतो. आधी प्रश्न आहे हेच माणसाला मान्य नसतं. मग तो विचार करू लागतो. मग करून पाहतो. मग टिकवायला धडपडतो, आणि मध्ये पुष्कळदा घसरून पुन्हा खालच्या पायरीवर येतो. विचाराच्या पायरीवर माणसं महिनोन् महिने थांबतात. आपल्या वहिनी त्या पायरीवर आहेत. त्यांना ओढून वर न्यायचं नाही, आणि खाली ढकलायचंही नाही.

आता ह्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती वाचल्याशिवाय पान उलटू नका.

प्रत्येक ‘पण’ सारखा नसतो. समजा, तुमच्यापुढे बसलेली बाई सांगते आहे, की नवरा मारतो. तुम्ही म्हणता, ‘सोडून दे त्याला. माहेरी जा.’ ती म्हणते, ‘हो, पण...’ हा ‘पण’ रविवारच्या चहाच्या ‘पण’सारखा मुळीच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिच्या ‘पण’मध्ये मुलांची शाळा असते, माहेरच्यांनी फिरवलेली पाठ असते, हातात नसलेला पैसा असतो. आणि सर्वांत मोठं म्हणजे जिवाची भीती असते. ह्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की बाई घर सोडायला निघते तो काळच तिच्यासाठी अधिक धोक्याचा असतो. ती थांबली आहे म्हणजे तिला काही करायचं नाही, असं समजू नका. कदाचित आपल्यापेक्षा तिचाच अंदाज बरोबर असेल. ‘एवढं होऊन राहतेसच कशी?’ हा प्रश्न तर चुकूनही विचारू नका. त्यानं ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

अशा वेळी तिला निर्णय घ्यायला लावण्यापेक्षा माहिती द्या आणि दार उघडं ठेवा. घरगुती हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात केवळ मारहाण येत नाही. शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची अडवणूक हेही येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी त्या सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मान्य करतो. तक्रार करायला मदत करण्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. जिवावर बेतलं तर ११२. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या साहाय्यानं १९८४ साली पहिला कक्ष सुरू केला आणि पुढे ते राज्यभर पसरले. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. हे सगळं तिला सांगा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले ह्यांच्या प्रती तुमच्याकडे ठेवता येतील, असं सुचवा. नंबर लिहून दिलेला कागद मात्र घरी सापडला तर घात होईल. म्हणून तो तिला पाठ करायला सांगा. आणि एवढं म्हणा, ‘तू कधीही ये. रात्री आलीस तरी चालेल.’ त्या दिवशी ती काही करणार नाही. चार महिन्यांनी करील, तेव्हा तुमचं हे वाक्य तिच्या कामाला येईल.

दुसराही एक ‘पण’ ओळखायला हवा. बाई पूर्वी हौशी होती, आणि आता दोन आठवड्यांहून अधिक काळ तिला झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन रमत नाही, अंघोळीलाही उठवत नाही, असं असेल, तर तो आळस नव्हे, हट्ट नव्हे. ते नैराश्य असू शकतं. तिथे आपली मेथीची जुडी आणि आपले प्रश्न पुरे पडायचे नाहीत. डॉक्टरांकडे नेलं पाहिजे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि मराठीतही बोलता येतं. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं कुणी बोललं, तर ते बोलणं वरवरचं समजून सोडून देऊ नका. तिला एकटी ठेवू नका, आणि तिच्या घरच्यांना विश्वासात घ्या.

सल्ला केंद्रात बसणाऱ्या आमच्या त्या भगिनीला म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं. येणाऱ्या बाईनं आपलं ऐकलं का, हे मोजू नका. ती पुन्हा आली, हे मोजा. जिला खरंच काही करायचं नसतं, ती दोन बस बदलून, घरी खोटं सांगून, पुढच्या आठवड्यात पुन्हा तुमच्यापुढे येऊन बसत नाही. आणि तुम्हाला स्वतःला शीण आला, तर केंद्रातल्या दुसऱ्या कार्यकर्तीशी बोला. व्यवसाय म्हणून समुपदेशन करणारेही आपल्याहून अनुभवी माणसाचा सल्ला घेत असतात. त्यात कमीपणा नाही.

शेवटी, मैत्रिणींनो, हा लेख वाचताना तुम्हाला कुणाकुणाचे चेहरे आठवले असतील. आता जरा उलटं करू या. एक आठवडाभर आपण स्वतः कितीदा ‘हो, पण’ म्हणतो ते मोजा. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. आपण म्हणतो, ‘हो, पण वेळ कुठे आहे?’ मुलगी म्हणते, ‘आई, तू बँकेचं शिकून घे’; आपण म्हणतो, ‘हो, पण बाबा बघतात ना!’ कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली पेन्सिलीनं एकेक रेघ मारत जा. आठवडा संपला, की त्यांतला सर्वांत जुना ‘पण’ निवडा आणि शून्य ते दहाचा प्रश्न स्वतःला विचारा. आकडा काय आला, आणि तो शून्य का नव्हता, हे मला पत्रानं जरूर कळवा.